अप्पांना बसवताना

आमच्यात माणूस गेलं की त्याला झोपवत नाहीत, बसवतात. एवढं एक वाक्य त्या सकाळी अप्पांच्या खोलीत कुणी मोठ्यानं बोललं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बोलणारी मी तेव्हा डोंबिवलीत, माझ्या घरी होते. आणि अप्पा ठाण्याला वर्तकनगरात, कॉलनीतल्या तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत एकटे राहायचे. माझे वडील. आई आधीच गेलेली.

आम्ही लिंगायत, मूळचे सोलापूरकडचे. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही मांडी घालून बसवून. जीव गेल्यावर अंगात ऊब आहे तोवरच आंघोळ घालायची, पाय दुमडून मांडी घालायची, भिंतीशी बसवायचं आणि धोतरानं बांधून ठेवायचं. एकदा अंग कडक झालं की मग देवाचा बाप आला तरी माणूस बसत नाही. कपाळाला, अंगाला विभूती, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर, आणि बसल्या बसल्या मिरवत नेऊन बसल्या बसल्या खड्ड्यात. भोवती मीठ, वर माती. शेजारपाजारचे लोक ऐकून दचकतात. दचकू देत. मला तर माणसाला लाकडासारखं आडवं बांधून नेतात तेच बघवत नाही.

अप्पांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात जन्म काढला. मशिनपुढे उभं राहायची नोकरी. त्यात गुडघे गेले, डावा जास्त. एकदा समाजातलं कुणीतरी गेलं आणि घाईगर्दीत त्याला आडवंच पुरलं. अप्पा तिथून घरी आले. चहाला हात लावला नाही. मला म्हणाले, "आयुष्यभर उभा राहिलो गं. निदान जाताना तरी मला बसून जाऊ दे. आडवा टाकू नका." मी म्हटलं, "अप्पा, मी आहे ना. कोण टाकतंय बघते मी." माझ्या तोंडाला घरात सगळे टरकून असतात, त्यामुळे त्यांना ते पटलं असावं.

ते गेले मे महिन्यात, पहाटे झोपेत. शेजारची माणसं कोकणातली, जिवाला जीव देणारी. त्यांनी आधी दादाला फोन लावला, कारण तो मोठा आणि मुलगा. दादा मस्कतला. तो रडत रडत म्हणाला, "मी येईपर्यंत अप्पांना नीट ठेवा हो. बर्फाची पेटी मागवा. काय लागेल ते करा, पण नीट ठेवा." झालं. त्या भल्या माणसांनी अप्पांना नीट ठेवलं. पाय सरळ केले, अंगठे सुतळीनं बांधले, हात अंगाशी घेतले, नाकात कापूस घातला, त्यांच्याकडे करतात तसं सगळं मनापासून केलं. आणि पेटी आल्यावर आत ठेवून प्लग लावला.

मी माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षात अडकून ड्रायव्हरच्या आणि स्वतःच्या नावानं बोंबलत पोचले, तेव्हा अप्पा काचेखाली होते. सरळ. मी दारातच किंचाळले, "कुणी झोपवलं यांना?" पेटीवाला माणूस कोपऱ्यात उभा होता. त्याला वाटलं मी त्याच्यावर ओरडतेय. तो म्हणाला, "मॅडम, बॉडी सरळ नसली तर झाकण बसत नाही." मला इतकी तिडीक आली की त्याच्या शर्टाला धरून मी त्याला दाराबाहेर ढकललं. बॉडी म्हणे. माझा बाप आहे तो.

झाकण उघडून मी पायाला हात लावला. कडक. गुडघ्याखाली हात घालून उचलायला गेले तर कमरेपासून टाचेपर्यंत सगळं एकदम वर आलं. दादाला फोन केला तर तो उलट माझ्यावरच ओरडला. "झाकण लाव आधी! एवढ्या उन्हाळ्यात काय वाट लागेल कळतंय का तुला? मला अप्पांचं तोंड बघायचंय!" मी म्हटलं, "अरे, पण बसवायचं कसं?" तो म्हणाला, "ते आल्यावर बघू." वीस वर्षं परदेशात राहून याला सगळं आल्यावर बघायची सवय.

आणि खरी मेख तीच होती. गार ठेवलं तर अप्पा टिकणार, पण कडकच राहणार. सैल व्हायला हवे असतील तर गारवा काढायला हवा, आणि गारवा काढला की मे महिना आपलं काम सुरू करणार. दोन्ही मिळून होणारच नव्हतं. ते फक्त मला दिसत होतं आणि मी काही न करता पेटीशेजारी बसून राहिले.

संध्याकाळी काका आले, अप्पांचे धाकटे भाऊ. सोलापूरहून एसटीनं खोपटला उतरून थेट. पायातली चप्पलसुद्धा काढली नाही त्यांनी. पेटीत बघितलं आणि त्यांचा चेहराच फिरला. "काय करून ठेवलाव हे? बसवला नाहीत माझ्या भावाला?" मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या कानफटात अशी ठेवून दिली की कानात शिटी वाजली. पन्नाशी उलटलेली बाई मी. लेकीचं लग्न झालेलं माझ्या. मी बधिर होऊन भिंतीला टेकले, तोवर त्यांनी झाकण बाजूला भिरकावलं, अप्पांचा उजवा पाय पेटीच्या काठावर ओढला आणि गुडघ्यावर सगळा भार टाकला. "मोडला तर मोडला," ते ओरडत होते, "मोडून बसवीन, पण बसवीन!" पेटी कडकड वाजत होती. अप्पांचं डोकं आत पत्र्यावर आपटत होतं. टण, टण. मेलेल्या माणसाचं डोकं आपटताना कधी ऐकलंय कुणी? मी ऐकलंय.

हाताशी पाण्याचा तांब्या होता. मी तो उचलला आणि काकांच्या कपाळावर हाणला.

खोक पडली. रक्त भुवईवरून खाली आलं, पांढरा सदरा भिजला. काका खाली बसले आणि माझ्याकडे बघतच राहिले. मी तांब्या तसाच धरून उभी. म्हटलं, "पुन्हा हात लावा, दुसरा घालते. माझ्या अप्पांना कुणी मोडायचं नाही." शेजारच्या वहिनींनी त्यांना टाके घालायला नेलं. मला तेव्हा जराही वाईट वाटलं नाही, आणि उगाच कशाला खोटं बोलू, आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. दारातच रडायला लागला, पेटीला मिठी मारली, काचेवर ओठ टेकवले. मलाही रडू फुटलं. पण काका पट्टी बांधून समोरच बसलेले. ते बोललेच, "तुझ्यापायी झालं हे. तुला तोंड बघायचं होतं. बघ आता तोंड, आणि पुर आडवा." दादानं त्यांची कॉलर धरली. काकांनी त्याला लाथ घातली. दोघं म्हातारे, एक सुटाबुटातला आणि एक धोतरातला, बारक्याशा खोलीत एकमेकांना ओरबाडत होते, चपलांचा स्टँड आडवा झाला, देवाचा फोटो पडला, आणि मग दोघं मिळून पेटीवर कोसळले. झाकण इकडून तिकडे तडकलं. आतला गारवा भसकन बाहेर आला आणि त्याच्यामागून वास.

वास आल्यावर दोघंही थांबले. गोडसर, आंबलेला. नाकातला कापूस तपकिरी झाला होता. दादा तोंडावर रुमाल धरून म्हणाला, "बास. आपण विद्युतदाहिनीत नेऊ. आत्ताच्या आत्ता." काका खाली बसून छाती पिटायला लागले. "जाळणार? लिंगायताला जाळणार?"

मी उठले आणि पेटीचा प्लग उपटला.

"डोकं फिरलंय का तुझं?" दादा ओरडला. मी म्हटलं, "हो, फिरलंय. आता दोघंही गप बसा नाहीतर बाहेर व्हा. अप्पा सैल होतील तेव्हा बसतील. तोवर जे होईल ते मी निस्तरीन." स्वामींना फोन केला. आमचे विधी करणारे, आई गेली तेव्हाही तेच आलेले. ते म्हणाले, "कल्याणकडच्या आपल्या जागेत खड्डा तयार आहे ताई, पण उन्हं उतरेपर्यंत आणा. नंतर बसवायच्या लायकीचं काही राहायचं नाही." त्यांनी स्पष्ट सांगितलं ते बरं केलं.

अप्पांना जमिनीवर सतरंजीवर घेतलं. पंखा बंद. मी पाणी तापवलं, पंचे बुडवून पिळून त्यांच्या कमरेवर, गुडघ्यांवर ठेवत गेले. खोबरेल कोमट करून चोळत गेले. खोलीत कापूर जाळत होतो, उदबत्त्या, दारात फिनेल, पण त्या वासापुढे सगळं फिकं. पोट फुगत चाललं होतं. बेंबीच्या उजवीकडे हिरवट डाग उमटला आणि माझ्या डोळ्यांदेखत पसरत गेला. एकदा पोटावर जरा भार पडला तर तोंडातून तपकिरी पाणी आलं, माझ्या मनगटावर. दादा मोरीत जाऊन ओकला. मी पुसलं, नवा कापूस घातला, हनुवटी बांधली, परत चोळायला लागले. चोळताना मी त्यांना शिव्या देत होते. "अप्पा, दुमडा ना हो. एवढा हट्ट कशाला? तुम्हालाच बसायचं होतं ना?" माझा सगळा राग आता त्यांच्यावरच निघत होता.

दुपारी मान सैल झाली. मग खांदे. मग कंबर वाकली आणि उजवा पाय हळूहळू, अगदी बाळाचा लंगोट बदलताना येतो तसा, दुमडून आला. काकांनी हात जोडले. दादा जवळ आला, पाठीला आधार देऊन बसला. पण डावा गुडघा येईना. तो जिवंतपणीच गेलेला. हाडाला हाड धरलेलं, त्याला ऊब काय आणि तेल काय. वाकायचा तेवढा वाकला आणि अडला.

बाहेर गाडी उभी होती. गल्लीत वास गेला होता, पोरांना आत घेऊन लोकांनी खिडक्या लावल्या होत्या. अप्पांच्या मांडीची कातडी माझ्या बोटांखाली सरकायला लागली होती. दादा म्हणाला, "राहू दे गं. एक पाय सरळ राहिला तर राहिला." मी काकांकडे बघितलं. आदल्या दिवशी मोडून बसवीन म्हणणारा माणूस तो. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझ्याच्यानं नाही होणार आता, पोरी."

एक पाय पुढे काढून बसलेला माणूस खड्ड्याच्या बाजूला बसण्यापुरत्या खणलेल्या कोनाड्यात मावत नाही. मावला नाही की त्याला आडवं करतात. घाईगर्दीत असंच होतं. मला माहीत होतं.

मी पदर खोचला. माझा गुडघा त्यांच्या मांडीवर रोवला, दोन्ही हातांनी नडगी धरली, डोळे मिटले नाहीत, आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ एकदम लावलं. आवाज झाला. ओला आवाज. दादा "आई गं" म्हणून ओरडला, जणू त्याचाच पाय. पाय दुमडला. मी तो दुसऱ्या मांडीखाली सारला, धोतर गुंडाळलं, आणि अप्पा बसले.

मग सगळं भराभर झालं. विभूती, फेटा, हार. शेजारचे आत आले तेव्हा वहिनी रडत म्हणाल्या, "किती शांत बसलेत ना." मी मोरीत जाऊन हात धुतले, परत परत धुतले. गाडीत माजिवड्यापासून भिवंडी बायपासपर्यंत खड्डेच खड्डे, दर खड्ड्याला अप्पा पुढे झुकायचे आणि दादा त्यांना मिठी मारून सावरायचा. सगळा रस्ता त्यानं नाकाला रुमाल लावला नाही.

अप्पांचे एक आगरी मित्र मिठाची पोती घेऊन आधीच पोचले होते. "मिठागरा गेली गो," ते म्हणाले, "पन अप्पासाठी मीठ हाय." खड्डा चौकोनी, बाजूला कोनाडा. अप्पांना खाली उतरवून कोनाड्यात बसवलं. स्वामींनी हातावर लिंग ठेवायला मुलाला खाली बोलावलं. मी म्हटलं, मी उतरणार. बायका उतरत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. दादा बाजूला झाला आणि त्यानं मला हात दिला.

खाली गारवा होता. मी लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, बोटं मिटवली. त्यांच्या कानाशी तोंड नेलं. त्यांना कुणी परकं सांगायला नको, काकांचं नाव यायला नको, म्हणून सांगितलं, "अप्पा, डावा पाय मी मोडला. मीच. लई दुखलं असेल." अप्पा ताठ बसले होते.

मग मी वर तोंड करून म्हटलं, "टाका आता मीठ."