आमचं खारं पाणी

डायलिसिसच्या खोलीत बाबांचा पलंग ठरलेला होता, काचेच्या दाराजवळचा. दाराबाहेर डॉक्टरांनी समुद्राच्या पाण्याची मोठी टाकी ठेवली होती. आत दगड, दगडांवर वाढलेली प्रवाळं, समुद्रफूल नावाचा फुलासारखा जीव आणि त्या फुलात लपणारा नारिंगी मासा. सुया टोचून झाल्या की बाबा मान वळवायचे आणि मशीन बंद होईपर्यंत त्या माशाकडे बघत पडून राहायचे.

मी बी.एस्सी.ला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येत असेल असं घरच्यांना वाटायचं. डॉक्टरांनाही वाटलं असावं. त्यांनी टाकीची देखभाल मला शिकवली. गाळलेल्या पाण्यात मुंबईहून येणारं खास मीठ किती घालायचं, खारेपणा मोजायच्या यंत्राचा काटा कुठे आला पाहिजे, हे मी शिकले.

बाबांनी एकदा माशाकडे बोट करून विचारलं होतं, "हे खाऱ्या पाण्यात राह्यते. मंग मरत काऊन नाही?"

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरी-बोअरला खारंच पाणी. तुमच्या किडन्या बहुतेक पाण्यानंच गेल्या, पण नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. समुद्राचं खारेपण वेगळं, एवढंच मी बाबांना सांगितलं. त्याहून नीट मला सांगता आलं नाही.

मग डॉक्टरांनी जळगाव जामोदचा दवाखाना खामगावला हलवायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "तेवढ्या दूर मी नाही येत. तिथं काय छताकडे पाहू?" मासाही खामगावला येतोय, असं सांगितलं तेव्हा म्हणाले, "पाहू." त्या एका शब्दासाठी मला टाकी जिवंत न्यायची होती.

नेताना टाकीतलं पाणीही न्यावं लागतं. त्याच पाण्याची सगळ्यांना सवय असते. आम्ही ते तीन ड्रममध्ये भरलं. ड्रम काकांच्या पिकअपमध्ये चढवले. मासा, फूल आणि प्रवाळं पाण्याच्या पिशव्यांत घेऊन मी डॉक्टरांच्या गाडीत पुढे निघाले. वाटभर पिशवी मांडीवर धरून होते.

काका उशिरा पोचले, पण खुशीत होते. "पाह्य पोरी, थेंब कमी नाही!"

टाकीत दगड रचून आम्ही पाणी ओतलं. मी यंत्र बुडवलं. काटा निम्म्यावरही आला नाही. पुन्हा बुडवलं. तेच.

"काका, वाटेत पाणी सांडलं का?"

"सांडलं ना. नांदुऱ्याच्या अलीकडे गड्डा आला, दोन ड्रम आडवे झाले. पण म्या गाडी घराकडे वळवली अन् आपल्या बोअरवर भरून घेतले. खारंच हाये ना ते!"

माझ्या तोंडाकडे बघून काका हळू आवाजात म्हणाले, "मिठाच्या पुड्या आणू का दुकानातून?"

ते मीठ चालत नाही. मुंबईचं मीठ संपलेलं होतं. नवं यायला दिवस लागणार, आणि पिशव्यांतली हवा तेवढी पुरणार नव्हती. डॉक्टर पिशव्यांकडे बघून म्हणाले, "सोड." मी पिशव्यांतले जीव टाकीत सोडले.

दुसऱ्या सकाळी फूल मिटून गोळा झालं होतं. संध्याकाळी ते विरघळायला लागलं, पाणी दुधाळ झालं आणि वास सुटला. प्रवाळांचा रंग सालीसारखा सुटून आला. मासा सगळ्यांत शेवटी गेला. मरण्याआधी, फूल होतं त्या कोपऱ्यात जाऊन तो एका कुशीवर पडला होता. टाकी रिकामी केली तेव्हा दगड मीच काढले.

बाबांना कसं सांगायचं हे मला ठरवता येत नव्हतं. त्यांच्या डायलिसिसच्या दिवशी काकाच त्यांना घेऊन आले. टाकीवर चादर टाकलेली होती. बाबा तिच्यासमोर थांबले.

"दादा, माह्या हातून मेले सारे," काका म्हणाले. "आपलं पाणी टाकलं म्या."

"आपलं?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"किती टिकले?"

"दोन दिवस," मी म्हणाले.

"आपण लय टिकलो मंग," बाबा म्हणाले. काकांना हसू आलं, पण बाबा हसत नाहीत हे बघून ते थांबले. बाबांनी विचारलं, "तुया लेकराईले कोनतं पाणी पाजतं?"

काका चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. "नळ आला तं नळाचं."

"अन् नाही आला तं?"

सिस्टरनं आतून हाक मारली. बाबा जाऊन टाकीजवळच्या पलंगावर आडवे झाले, हात पुढे केला. सुया टोचताना त्यांनी नेहमीसारखी मान वळवली आणि चादरीकडे बघून परत सरळ केली.

मशीन बंद झाल्यावर मी त्यांना धरून उठवलं. चक्कर थांबेपर्यंत ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. मग म्हणाले, "सिस्टरले सांगजो. पुढच्या खेपेले मले भिंतीकडचा पलंग दे म्हना."