खुर्चीच्या बदल्यात रायफल

हरणांच्या शिकारीचा मोसम नोव्हेंबरात उघडतो, आणि त्याच्या महिनाभर आधीपासून अमेरिकेतल्या सुपिरियर तळ्याकाठच्या आमच्या गावात प्रत्येकाला दुसऱ्याची रायफल आपल्यापेक्षा बरी दिसायला लागते. मग अदलाबदलीला ऊत येतो. ही घे, तुझी बर्फावरची गाडी दे. ती घे, वर दोन गाड्या सरपण टाक. पण हात मिळवायच्या आधी दोघेही यायचे मेल्विन हौतालाच्या शेडमध्ये. मेल्विननं जन्मभर खाणीच्या कारखान्यात लेथ चालवलेला. तो नळी दिव्याकडं धरून आत बघायचा, स्क्रूंवर नख फिरवायचा, चाप ओढून बघायचा आणि म्हणायचा, "घे." किंवा, "घेऊ नकोस, गाढवा." त्यापलीकडं अवाक्षर नाही.

एका बाबतीत मात्र तो बोलायचा. कुणी हौसेनं बदल करून घेतलेली जुनी रायफल आणली, की त्याला जीभ फुटायची. "अरे, ज्यानं करून घेतलं त्याला ती लाखमोलाची. तुझ्या खांद्याला ती बोचणार. दुसऱ्याची कवळी घालून जेवशील का?" त्याचं म्हणणं असं, की अशा रायफलीवर जेवढं काम जास्त तेवढी तिची किंमत कमी. लोक हिरमुसले होऊन जायचे, पण पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच दाखवायला यायचे.

मार्चमध्ये त्याची बायको लोइस गेली. मेल्विन रडला नाही. जमीन गोठलेली, कुदळ शिरेना, म्हणून पुरायला मे महिना उजाडला. असा निरोप दोनदा द्यायचा आला, मार्चमध्ये चर्चमध्ये आणि मेमध्ये थडग्यापाशी, आणि दोन्ही वेळा हा कोटाच्या खिशात हात घालून उभा, दुसऱ्याच कुणाच्या कार्याला आल्यासारखा. बायकांनी भरली भांडी आणून दिली. त्यानं खाल्लं, भांडी घासली, जिची तिला पोचवली. चव कुणी विचारली असती तर सांगता आली नसती. "कसा आहेस?" "बरा आहे." खोटं नव्हतं ते. त्याला वाईट वाटतच नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

लोइसची चाकांची खुर्ची शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. बॅटरीवर चालणारी, महागामोलाची. शेवटची वर्षं लोइसनं तिच्यातच काढली. चर्चच्या बायका विचारून गेल्या, कुणा गरजूला देतोस का म्हणून. मेल्विन म्हणाला, "राहू दे." दर रविवारी तो तिला चार्जिंगला लावायचा, कारण नाही लावलं तर बॅटरी मरते. खुर्चीत बसायला कोणी नाही, मग बॅटरी मेली तर बिघडलं कुठं, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही.

ऑक्टोबरात एके दिवशी डेनिस ट्रेगिअरचा ट्रक अंगणात आला. डेनिस म्हणजे शाळेपासूनचा दोस्त. जंगलातली शिकारीची झोपडी दोघांनी मिळून बांधलेली. पण मे महिन्यात लोइसला पुरलं, त्यानंतर दोघांची गाठ नव्हती. हा गेला नाही, तो आला नाही. ट्रक चालवत होती डेनिसची बायको मार्लीन, आणि डेनिस शेजारी बसला होता. स्वतःच्या ट्रकची किल्ली हा माणूस देवालाही देणार नाही. मेल्विननं ते खिडकीतून पाहिलं. पण हल्ली तो पुष्कळ गोष्टी नुसत्या पाहायचा, त्यापुढं काही नाही.

मार्लीन गाडीतच बसून राहिली, इंजीन चालू ठेवून. डेनिस काखेत रायफलीची पिशवी दाबून दारात आला.

"आहेस का रे जिवंत?"

"बघ बाबा तूच," मेल्विन म्हणाला. "मला काही फरक कळत नाही."

"तोंड तर तसंच आहे. म्हणजे असशील." डेनिसनं पिशवी टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे सोडूनच दिली. "सौदा करायला आलोय. ही घे, आणि ती दे." त्यानं हनुवटीनं कोपऱ्यातली ताडपत्री दाखवली.

मेल्विननं शेगडीत एक लाकूड सरकवलं. "कुणासाठी?"

"माझा एक चुलतभाऊ आहे, पलीकडच्या जिल्ह्यात. तू ओळखत नाहीस."

"तुझा चुलतभाऊ, आणि मी ओळखत नाही?"

"लांबचा आहे रे."

खुर्ची द्यायची नव्हतीच. 'राहू दे' हे शब्द मेल्विनच्या ओठावर आले होते. पण वस्तू न बघता नाही म्हणणं म्हणजे माणसाला दारातून हाकलणं, एवढी रीत आमच्याकडं अजून आहे. आमच्याकडं फुकट कुणी मागत नाही आणि फुकट दिलेलं कुणी घेत नाही. शेजाऱ्याची शिडी हवी असली तरी हातात अंडी घेऊन जायचं. या सुपिरियर तळ्याच्या काठचा बर्फ मे महिन्यात वितळतो, माणसांचा ताठा काही वितळत नाही. तर मेल्विननं पिशवीची चेन ओढली.

आत त्याचीच रायफल होती. म्हणजे होती डेनिसची, पण तिचा लाकडी दस्ता मेल्विननं स्वतःच्या हातानं घडवलेला. मेपलचं लाकूड, वाघाच्या अंगासारखे पट्टे असलेलं. डेनिसच्या खांद्याच्या मापानं, गालाच्या मापानं, अख्खा एक हिवाळा घालवून. ही रायफल डेनिस विकणार नाही, मरताना सोबत नेईल, असं गाव म्हणायचं. आणि तिची दशा बघावी तर!

मेल्विननं आधी बोल्ट, म्हणजे गोळी भरायची सरकती कळ, उघडून आत गोळी नाही ना ते पाहिलं, बोटही घालून पाहिलं. मग तो तिच्याकडं बघतच राहिला.

"कुणी केलं हे?"

"तिकडं एक जण आहे."

"कसाई आहे का तो?" बोल्टची सुबक मूठ कापून तिथं लिंबाएवढा गोळा जोडला होता. "हे काय आहे? ट्रॅक्टरचा गिअर? हरणं मारायची आहेत का नांगरट करायचीय?"

डेनिस हसला. "तू बघ तर."

सौद्यात समोरच्याच्या मालाला नावं ठेवायची, ही आमच्याकडची रीतच. न ठेवली तर समोरच्याला वाटतं, याला घ्यायचंच नाही. पण मेल्विन रीत म्हणून बोलत नव्हता. मार्चपासून पहिल्यांदा त्याला काहीतरी वाटलं, आणि तो होता राग. दस्त्याचा पुढचा भाग, जो हातात भरावा म्हणून त्यानं आठवडाभर घासला होता, तो तासून काठीसारखा बारीक केलेला. दस्त्याच्या मागचं, खांद्याला टेकायचं रबर काढून पाहिलं, तर आतलं लाकूड कोरून पोकळ. वजन कमी करायला. नळीच्या तोंडाला धक्का कमी करायचं नळकांडं ठोकलेलं. खालच्या बाजूला एक आकडा, रायफल कशावर तरी अडकवून ठेवायला.

"दात पाडून टाकलेत की रे हिचे! एवढी हलकी कशाला? तुला काय हिला कडेवर घेऊन फिरायचंय? आणि हा धक्का. ही रायफल लाथ मारते म्हणून कधी रडला होतास तू? सोळा वर्षांची पोरगी चालवेल अशी करून ठेवलीय."

"हं," डेनिस म्हणाला.

मेल्विननं रिकामी रायफल ताणली आणि चापाला बोट नुसतं लावलं. आतला खटका पडला. त्यानं पुन्हा ताणली, आणि चापाला हात न लावता दस्ता जमिनीवरच्या रबरी चटईवर आपटला. खट्. परत पडला.

"ऐकलंस?" आता त्याचा आवाज चढला. "फुंकर मारली तरी सुटतेय. माणूस मरेल, डेनिस! शेजारी उभा असलेला मरेल! हे भंगार आहे. नळी तेवढी चांगली, बाकी चुलीत घाल. आणि बदल करायचेच होते तर मी काय मेलो होतो? माझ्या लाकडाला हात लावायला दुसऱ्याकडं गेलास? का? इथं यायला काय रस्ता खचला होता?"

डेनिस, जो सौद्यात चार शब्दांना आठ शब्द परत करायचा, त्यानं उलट एक टोमणा मारला नाही. कोटाच्या बाहीत हात ओढून उभा राहिला, बोलणी खात.

"चालवून दाखव," मेल्विन म्हणाला. "कसला फायदा होतो या गोळ्याचा तो तरी बघू."

डेनिसनं रायफल घेतली. आकडा टेबलाच्या कडेला अडकवला. मग बोल्टचा तो गोळा बोटांनी नाही, तळव्यानं, कोपर वर उचलून ढकलला. उघडला नाही. दुसऱ्यांदा सगळा खांदा घालून ढकलला तेव्हा उघडला. बंद करताना त्याचा श्वास लागला.

"थंडी," तो म्हणाला. "बोटं आखडतात."

शेगडी लाल झाली होती. मेल्विनच्या कपाळावर घाम होता.

लोइसचं दुखणं बटणांपासून सुरू झालं होतं. ब्लाउजची बटणं लागेनात, तेव्हा तीही म्हणाली होती, थंडी आहे. मग बरण्यांची झाकणं. मग तिनं चहाच्या कपाला दोन्ही हात लावायला सुरुवात केली आणि मेल्विननं तिला कपाचा मोठा कान बनवून दिला, पितळेचा. मग हलका चमचा. मग दाराच्या मुठीवर दांडी. एकेक करत सगळं घर त्यानं तिच्या हातांच्या मापानं बदललं होतं.

त्यानं टेबलावरच्या रायफलीकडं पुन्हा पाहिलं. आपण मघापासून काय बडबडलो ते त्याला आठवलं, आणि त्याची मान खाली गेली. लाज वाटली त्याला, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं अशी. डेनिस दुसऱ्याकडं का गेला तेही कळलं. मेल्विनला पहिल्याच दिवशी, त्या गोळ्याचं नाव काढताच कळलं असतं. आणि मेल्विन नुकता लोइसच्या त्याच दुखण्यातून बाहेर पडला होता, त्याला पुन्हा त्यात ओढायचं डेनिसच्या जिवावर आलं असणार.

"तुझ्या त्या चुलतभावाचं," त्यानं विचारलं, "पाय गेलेत का?"

"जातायत," डेनिस म्हणाला. "आधी हात. आता पाय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर काय म्हणायचेत? जे लोइसला म्हणाले तेच."

मेल्विन कोपऱ्यात गेला आणि ताडपत्री ओढून काढली. तिच्याखाली धूळ नव्हती. खुर्ची पुढं आणली, आणि भिंतीवरचा पाना अन् टेप घेतली.

"लोइस बुटकी होती. पायाच्या पाट्या खाली घ्याव्या लागतील. उंचीनं केवढा आहे तो?"

"असेल माझ्याएवढा."

"मग बस. मापाला."

डेनिसनं खुर्चीकडं पाहिलं. खिडकीबाहेर ट्रककडं पाहिलं. मग टेबलाला धरून, सावकाश, तो खाली बसला. मेल्विननं गुडघे टेकले, त्याची पोटरी टेपनं मोजली, पाट्यांचे बोल्ट सैल करून त्या खाली सरकवल्या, पुन्हा आवळल्या. खुर्ची चालवायची दांडी लोइससाठी डाव्या हाताशी होती.

"ही कुठल्या हाताला लावू?"

"त्याच्या?"

"त्याच्या."

डेनिसनं मांडीवरचे आपले दोन्ही हात पाहिले. पाना हातात धरून मेल्विन थांबला.

"उजव्या," डेनिस म्हणाला. "उजवा चालतोय अजून माझा."

मेल्विननं दांडी काढली आणि उजवीकडं बसवायला घेतली. त्याला भीती वाटत होती. साधीसुधी भीती, अंधारात लहान पोराला वाटते तशी. पुढं काय काय होणार हे त्याला ओळीनं पाठ होतं, आणि ते पुन्हा एकदा बघायचं आपल्यात आहे की नाही, ते त्याला माहीत नव्हतं.

दार ढकलून मार्लीन आत आली. नवऱ्याला खुर्चीत बसलेला पाहून जागच्या जागी थांबली. मग तिनं डोळ्यांच्या कडा बोटानं पुसल्या आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "फळ्या आणल्यात मी. खुर्ची ट्रकमध्ये चढवायला."

"आधीच?" मेल्विन म्हणाला. "मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर सरपण झालं असतं." ती डेनिसकडं बघून म्हणाली, "दोन महिने म्हणतेय, जा, सरळ विचार त्याला. पण नाही! चुलतभाऊ काढला. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण याला भीक चालेल, भीड सुटायची नाही."

"भीक नाही," डेनिस तटकन म्हणाला. "सौदा आहे. रायफल टेबलावर आहे." मग मेल्विनकडं वळून, "सांग. बरोबरी होते का?"

मेल्विन उभा राहिला. गुडघे झाडले. रायफल उचलून पुन्हा एकदा नळी दिव्याकडं धरली, जशी कुणाचीही धरली असती तशी.

"नाही होत," तो म्हणाला. "मघाशी बोललो त्यातला एक शब्द मागं घेत नाही. भंगार आहे. ही खुर्ची चांगली, बॅटरी जिवंत आहे. बरोबरीला वर काहीतरी टाकावं लागेल तुला."

मार्लीनचा चेहरा पडला. डेनिसनं हनुवटी वर केली. "काय टाकू?"

"यापुढं काही बदलायचं निघालं, चमचा, कप, दाराची मूठ, ही खुर्ची, काहीही, तर माझ्याकडं यायचं. त्या कसायाकडं नाही. उजवा चालेनासा झाला तरी माझ्याकडंच."

बाहेर ट्रकचं इंजीन घुरघुरत होतं.

"बरंच काम निघेल, मेल्विन," डेनिस म्हणाला.

"निघू दे."

डेनिसनं हात पुढं केला. मेल्विननं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. डेनिसची बोटं वळली नाहीत, म्हणून दोघांच्या वाटणीचा हात त्यानंच दाबला.