लिंबावरचं नाचणाचं घरटं

पक्ष्यांचे फोटो काढायचं खूळ मला कळव्यात राहायला गेल्यावर लागलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रविवारी गळ्यात सेकंडहँड कॅमेरा अडकवून मी खाडीच्या कडेने हिंडायचो आणि छत्तीस फोटोंच्या रोलमधून हाती काय लागायचं, तर गवत, आभाळ आणि मधे एक ठिपका. तो ठिपका बगळा आहे, हे मलाच सांगावं लागे. बायको फोटो बघून ‘छान’ म्हणायची आणि कणीक मळायला जायची. आयुष्यात एकच फोटो असा काढायचा होता, की ज्यात पक्षी कुठे आहे ते कुणाला दाखवावं लागणार नाही.

तो कोपरीत मिळेल असं वाटायला लागलं. तिथे एका म्हाताऱ्या कोळीण आजीच्या अंगणात, लिंबाच्या झाडावर, नाचणांच्या जोडीने घरटं केलं होतं. नाचण म्हणजे शेपटीचा पंखा उघडून सारखा मिरवणारा चिमुकला पक्षी. मुठीत मावेल एवढ्या घरट्यात तीन पिल्लं होती. आजी जाळं दुरुस्त करायला मुद्दाम त्या झाडाखाली बसायची आणि दिवसभर कावळे हाकलायची. घरच्या मांजरालाही तिने अंगणात यायची बंदी केली होती.

घरट्यावर पानांची एक फांदी आडवी आली होती आणि घरटं तिच्याआड झाकलं गेलं होतं. त्या काळी आम्ही फोटोवाले सर्रास एक करायचो. अशी फांदी सुतळीने मागे ओढून बांधायची, फोटो काढायचे आणि निघताना सोडायची. तोडत नाही, एवढ्यावरच आम्ही स्वतःला मोठे सज्जन समजायचो. मीही बांधली. दोन तास बसलो. नर-मादी आळीपाळीने किडे घेऊन आली, तिन्ही पिल्लांनी चोची वासल्या आणि रोल संपला. मला इतका आनंद झाला की आजीने दिलेला चहा उभ्याउभ्या पिऊन मी तसाच सुटलो.

संध्याकाळी पिशवी आवरताना सुतळी सापडेना, तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला: फांदी सोडायची राहिली होती. अजून उजेड होता. कोपरी काही परदेशात नव्हती. बायको म्हणालीसुद्धा, आत्ताच जाऊन या. पण दिवसभर उन्हात बसून अंग आंबलं होतं. सकाळी ऑफिसच्या आधी जाईन, तेवढ्यात काय होतंय, असं म्हणून मी पंख्याखाली आडवा झालो. इतका नालायक आळस मी आयुष्यात दुसऱ्यांदा केला नसेल.

सोमवारी सातला पोचलो. फांदी बांधलेलीच होती. घरटं रिकामं होतं.

“उजाडताच कावले आले,” आजी म्हणाली. “मी भाईर येईस्तवर तिनी पिल्ला नेली.” मग तिने सुतळीकडे पाहिलं. “कालच सोडनार होते मी. पन मना वाटला, तुमचा फोटू अजून बाकी असंल.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात राग नव्हताच, एका शिकलेल्या माणसाच्या कामात आपण ढवळाढवळ केली नाही, एवढंच ती सांगत होती. तेवढ्यात एक नाचण चोचीत माशी धरून आलं, घरट्याच्या काठावर बसलं, आत पाहिलं आणि उडालं. थोड्या वेळाने तीच माशी घेऊन परत आलं. मला ते बघवेना. मी गाठ सोडली आणि खाली मान घालून ऑफिसला गेलो. पुन्हा त्या अंगणात जायचं धाडस मला झालं नाही.

आठवड्याने रोल धुऊन आला. फोटो अप्रतिम होता. बायकोने पहिल्यांदाच कणकेचे हात धुऊन फोटो उजेडात नेला आणि बराच वेळ बघत राहिली.

“मोठी झाली का हो ती?” तिने विचारलं.

“झाली की,” मी म्हणालो. “उडूनसुद्धा गेली.”