आठ इंचांची अट

रविवार, १७ मे १९३६, सकाळी साडेसात. जुन्या हुबळीतल्या एका घराच्या परसात मी लाकडी फूटपट्टी वरच्या टोकाला धरून उभी होते. ज्याच्याशी लग्न करण्याचा माझा निश्चय होता तो तरुण समोर स्टुलावर बसून, पट्टीच्या खालच्या टोकाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवून, ती सुटण्याची वाट पाहत होता.

प्रयोग साधा आहे. न सांगता पट्टी सोडायची. समोरच्याने ती चिमटीत धरायची. धरेपर्यंत ती जितके इंच घसरते, त्यावरून त्याच्या डोळ्याला आणि हाताला लागलेला वेळ कळतो. मी पुण्याला पदार्थविज्ञान शिकत होते. तो रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता आणि हौसेने मुष्टियुद्ध खेळे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धारवाडच्या माझ्या घरून गाडीने शाळेतल्या मैत्रिणीला भेटायला म्हणून येई. ती मैत्रीण त्याची धाकटी बहीण. आईवडील नसलेल्या त्या घरात ती दोघेच राहत. आमच्या वसतिगृहाच्या बाई पत्रे फोडून वाचत, म्हणून त्याचीही पत्रे बहिणीच्याच अक्षरात येत. तो सांगे, ती लिहून काढी. 'अण्णाची तब्येत उत्तम आहे' हे वाक्य प्रत्येक पत्रात असे.

मागच्या दिवाळीत त्याने मला एकच विनोद एका दुपारी तीनदा सांगितला, आणि तिन्ही वेळा मी हसेन म्हणून तो थांबला. डोक्यावर बसलेल्या ठोशांचा हा परिणाम असावा अशी मला शंका आली, आणि त्याच दिवशी मी अट घातली. पट्टी आठ इंचांच्या आत धरता आली, तर पदवी मिळताच मी वडिलांना सांगेन, आणि ते नाही म्हणाले तरी लग्न करीन. आठाच्या वर गेली, तर ग्लव्ह्ज खुंटीला. ते कबूल नसेल तर लग्न नाही.

"मंजूर, प्रोफेसरीणबाई!" असे म्हणून त्याने तेव्हा ती सहा इंचांवर धरली होती.

मे महिन्यातल्या त्या सकाळीही पाच वेळा साधारण सहाच आले. जूनमध्ये बेळगावच्या पलटणीतल्या एका शिपायाशी त्याचा सामना ठरला होता. तो खूश झाला. मीही झाले.

पायरीवर तांदूळ निवडत बसलेली बहीण हसली. "पट्टीकडं कुठं बघतो ग तो? सोडायच्या आधी तू श्वास घेतेस, खालचा ओठ आत ओढतेस. ते बघून धरतो. मला कधीच सांगितलंय त्यानं."

"तू गप्प बस की!"

उपकरणातला दोष सापडला की आधीचे आकडे रद्द होतात. मी पदर तोंडावर ओढून घेतला.

"हे काय? मला तोंड दिसू दे की तुझं. रिंगणात समोरच्याचं दिसतं."

"त्या शिपायाला तू इतकी वर्षं ओळखत नाहीस," मी म्हणाले. "हात सरळ धर."

पहिल्यांदा अकरा. दुसऱ्यांदा पट्टी बोटांमधून निसटून फरशीवर आदळली. तिसऱ्यांदा मी सोडलीच नव्हती, तरी त्याने चिमूट मिटली आणि तो मिटलेल्या बोटांकडे पाहत राहिला.

"साकु ग!" कानडीत 'पुरे' म्हणत बहीण सूप ठेवून उठली. "माणूस आहे तो."

"पाच होऊ देत."

पाच झाले. एकदाही आठाच्या आत नाही. मग मी चुलीतला विझलेला कोळसा आणून त्याच्या हातात दिला आणि फरशीवर माझे नाव लिहायला सांगितले. पहिले अक्षर ठीक आले. दुसरे पहिल्याच्या अंगावर चढले. पत्रे बहिणीच्या अक्षरात का येत, याचे अर्धेच कारण मला सांगितले गेले होते.

"सामना सोड," मी म्हणाले.

"नाही सोडत." तो पायाने नाव पुसू लागला. "इतकी वर्षं तू मला भेटायला येत होतीस, का मोजायला?"

"दोन्ही."

"मग झालं की तुझं मोजून. जा आता."

मी निघाले. बहीण दारापर्यंत आली नाही.

जूनअखेर तिचे पत्र पुण्याला आले. दुसऱ्या फेरीत डोक्याला ठोसा बसून तो पडला, बऱ्याच वेळाने डोळे उघडले. कारखान्याने घरी बसवले आहे. तब्येतीचे ते वाक्य या पत्रात नव्हते.

दिवाळीला गेले तेव्हा तो परसात त्याच स्टुलावर होता. बहीण त्याला भात भरवत होती. माझे नाव त्याला आठवले नाही. पिशवीतून पट्टी काढली तेव्हा मात्र त्याने आपण होऊन हात पुढे केला. मी पदर ओढला नाही. तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी श्वास घेतला.

"आत्ता!" तो म्हणाला, अगदी बरोबर क्षणी, आणि जिंकल्यासारखा हसला. बोटे उघडीच होती.

"धरली?" त्याने विचारले.

बहिणीने माझ्याकडे पाहिले आणि हळूच मान हलवली: हो म्हण.

"नाही," मी म्हणाले. पट्टी उचलली आणि नोंद केली: बारा इंचांहून अधिक.