गोलच्या जाळ्या आमच्या गच्चीवर

आमच्या वस्तीच्या फुटबॉल क्लबाला अध्यक्ष आहे, सेक्रेटरी आहे, कपाटभर ट्रॉफ्या आहेत. गोलच्या जाळ्या मात्र आमच्या गच्चीवर असतात. वस्तीच्या वर्गणीतून घेतलेल्या. नवरा गोलकीपर होता तेव्हापासून आमच्याकडेच. पावसाळा सरला की आम्ही चार-पाच बाया जाळ्यांची फाटकी घरं नायलॉनच्या दोरीनं विणतो. मॅचच्या सकाळी कोच सायकलवर येतो, खालून हाक मारतो, जाळ्या घेऊन जातो. कमिटीतल्या कोणी त्यांना आजवर हात लावलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात कमिटीनं या कोचला काढलं. अध्यक्षांचा पुतण्या सरावाला येत नसे, म्हणून कोचनं त्याला बाकावर बसवलं, एवढीच गोष्ट. सांगताना मात्र म्हणे कोचला शिस्त नाही. शिस्त नाही! ज्यानं उन्हातान्हात आमची पोरं घडवली त्याला? माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी बाया जमवल्या आणि ठरवून टाकलं, कोच नाही तर जाळ्याही नाहीत.

रविवारी खापरखेड्याची टीम यायची होती. सकाळीच सेक्रेटरी दारात उभे.

"वहिनी, जाळ्या द्या."

"कोच कुठी हाय?"

"तो विषय वेगळा आहे."

"मंग जाळ्याचाही विषय वेगळाच हाय," मी म्हटलं आणि गच्चीच्या दाराला कुलूप घातलं.

कमिटीही हट्टाला पेटली. जाळ्यांशिवायच मॅच लावली, नुसते लोखंडी खांब उभे. आम्ही वस्तीतली माणसं खापरखेड्याच्या बाजूच्या खांबांमागे जाऊन उभी राहिलो. कोचही आमच्यातच होता. मी त्याला बजावून ठेवलं होतं, आज यांच्यासाठी टाळी वाजवायची नाही.

मॅच संपत आली तरी बरोबरीच होती. तेवढ्यात पुतण्यानं लांबून बॉल हाणला. तो खांबाला चाटून थेट मागच्या नालीत गेला. आतून गेला की बाहेरून? जाळी असती तर प्रश्नच नव्हता. अध्यक्ष खुर्चीवरून उठून "गोल! गोल!" ओरडू लागले. खापरखेड्याची पोरं हसली. "पुतण्याही तुमचा, गोलही तुमचाच काय?" एकजण म्हणाला.

रेफरी आमच्याकडे आला. "तुम्ही मागेच होता. सांगा."

बॉल आतून गेला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पण या लोकांना जिंकू द्यायचं? मी तोंड उघडलं नाही. कोणीच उघडलं नाही.

"गोल हाय," कोच म्हणाला.

मी त्याच्यावर उखडले. "काहून बोलले तुम्ही? काढलं ना त्यायनं तुमाले!"

"मले काढलं वहिनी. पण गोल तर झालाच ना."

रेफरीनं शिटी वाजवली. खापरखेड्याच्या एकाही पोरानं हुज्जत घातली नाही. आणि काय सांगू, कोचवरचा माझा राग तिथल्या तिथे उतरला. खुर्चीवरचा माणूस घसा फोडत होता, त्याला कोणी विचारलं नाही. काढून टाकलेल्या माणसाच्या दोन शब्दांवर मॅचचा निकाल लागला. सगळ्या मैदानानं ते पाहिलं. अध्यक्षांनीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. मी चहा विचारला नाही.

"जाळ्या क्लबच्या आहेत," ते म्हणाले.

"क्लब म्हणजे कोण? तुमची खुर्ची? काल तुमच्याच गोलले तुमचा शब्द पुरला नाही, भाऊ. ज्याचा पुरला त्याले पाठवा. त्याच्याच हातात जाळ्या भेटतीन."

ते पाय आपटत निघून गेले. पुढचे काही दिवस कोणी फिरकलं नाही. जाळ्या गच्चीवर, किल्ली माझ्या कमरेला. रविवारी सकाळी खाली सायकलची घंटी वाजली. मी गच्चीवरून वाकून पाहिलं. कोच होता.

"पुतण्याचं काय?" मी वरूनच विचारलं.

"शॉट चांगला मारते. पण प्रॅक्टिसले आला नाही. बाकावरच बसन."

"अध्यक्षाले सांगितलं?"

"सांगितलं."

"मंग?"

"मंग काय? तरी त्यायनंच पाठवलं मले. टाका जाळ्या."

मी दोन्ही जाळ्या खाली सोडल्या.