भोंग्याचं भाषण

भोंगा घरी आला की सगळ्या गल्लीला कळायचं. दारात चपला काढता काढता तो बायकोला विचारायचा, "चहा आहे का गं?" आणि समोरच्या घरातली म्हातारी तिथूनच उत्तर द्यायची, "आहे रे बाबा, आत्ताच टाकलाय तिने!" फोनवर त्याच्याशी बोलायचं तर पलीकडचा माणूस फोन हातभर लांब धरायचा. त्याचा मेहुणा तर म्हणायचा, भावजी, फोन कशाला लावता, नुसती खिडकी उघडा की. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री होतं तेवढंच. कोणी चुकून त्या नावाने हाक मारलीच, तर तो मागे वळून बघायचा, की हे आणखी कोण आलं!

आता आवाज मोठा म्हणून माणूस तापट होता का? छे हो! एकतीस वर्षं मागांच्या शेडमध्ये काढली होती त्याने. एका छपराखाली चौसष्ट माग, प्रत्येकाचा सूत वाहणारा धोटा दिवसभर इकडून तिकडे आदळतोय. अशा ठिकाणी राहून माणूस हळू बोलायचं विसरला, तर त्यात त्याचा काय दोष? तो तिथला जॉबर होता. माग अडला, रुसला, की तो पाना घेऊन धावायचा आणि माग लावून द्यायचा. हातात कसब होतं, मनात कपट नव्हतं, आणि घशात भोंगा होता.

गंमत अशी, की शेडमध्ये त्याच्या या आवाजाचा काडीचाही उपयोग नव्हता. त्या गदारोळात कोण कोणाचं ऐकणार? तिथे सगळे ओठांनी बोलायचे. आवाज न काढता, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द चावून. समोरचा ओठ बघायचा आणि समजायचा. तीन मागांपलीकडून बायका सासूची गाऱ्हाणी सांगायच्या, पोटभर हसायच्या, कडाकडा भांडायच्यासुद्धा, आणि बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं, ही मंडळी नुसतीच तोंडं का हलवतायत?

शेडचा एक नियम होता. बोलायचं असेल तर समोर यायचं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्याने ती आपल्या तोंडाने परत बोलून दाखवायची. बरोबर असेल तर सांगणाऱ्याने मान हलवायची, आणि मगच पुढचं. हा नियम भोंग्यानेच आणला होता, आणि त्याआधी त्याची किंमतही मोजली होती. बारा वर्षांपूर्वी मागात हात घालण्याआधी त्याने एका विणकराला सांगितलं, माग चालू करू नकोस. विणकराने "कळलं" म्हणून मान डोलावली आणि खुशाल चालू केला. भोंग्याच्या डाव्या करंगळीचं टोक गेलं. तेव्हापासून शेडमध्ये "कळलं" चालत नाही. काय कळलं ते बोल!

घरी मात्र हा नियम चपलांबरोबर दाराबाहेर राहायचा.

त्याची बायको त्याच शेडमध्ये शेवटच्या रांगेत चार माग चालवायची. सगळे तिला वहिनी म्हणायचे. ओठांनी बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एखादी गोष्ट ती सकाळी सुरू करायची आणि मधल्या सुट्टीपर्यंत पुरवून पुरवून सांगायची, चारही मागांवर डोळा ठेवून. तिच्या रांगेतल्या बायका हसून हसून धागे तोडायच्या. आणि हीच बाई घरी गप्प. का, ते भोंग्याने कधी विचारलं नाही, कारण घरात विचारायला फट कुठे होती? तो बोलत असायचा ना!

गेल्या काही महिन्यांत वहिनीला खोकला लागला. साधा नव्हे, बोलता बोलता भिंत धरायला लावणारा. डॉक्टरांनी छाती तपासली आणि स्पष्टच सांगितलं, "सुताची धूळ आहे ही. कामावर पक्का मास्क लावा, नाहीतर काम सोडा. असंच चाललं तर दोन वर्षांनी जिना चढता येणार नाही." भोंगा घरी आल्यावरही एक अक्षर बोलला नाही. समोरची म्हातारी विचारायला आली, की आज कुठे बाहेरगावी गेला की काय.

आणि नेमकं त्याच आठवड्यात धाकट्या मालकांनी मास्क आणले. थोरल्यांच्या मागे कारभार बघणारा हा शिकलेला, सज्जन माणूस. पण कामगारांसमोर उभं राहायचं म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडायची. म्हणून तो बोलायचा नाही, कागद चिकटवायचा. तसाच एक कागद दारावर लागला: सोमवारपासून मास्क न लावणाऱ्यास आत प्रवेश नाही.

झालं! शेड पेटली. ओठांनी बोलणाऱ्यांचे ओठच झाकायचे? हा विचार मालकाच्या डोक्यात आलाच नव्हता, आणि मालकाला कोणी सांगितलाही नाही. "आपण एकमेकांत बोलू नये म्हणून ही शक्कल," असं एक म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना पटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भोंगा अंगणात सुताच्या रिकाम्या पेटीवर चढला. त्याच्या डोळ्यांपुढे बायको होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "डोकी ठिकाणावर आहेत का तुमची? चांगली वस्तू मिळतेय तर नखरे सुचतायत! काही नाही, घाला म्हणजे घाला!" अंगणातली कबुतरं उडाली. धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरणारी मावशी, जिला शेडमध्ये भोंगासुद्धा वचकून असायचा, तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, "कधीपासून रे मालकाचा पोपट झालास?" सगळे फिदीफिदी हसले. वहिनीच्या गळ्यात नवा मास्क लटकत होता. नवऱ्याच्या शब्दाखातर तिने तो सकाळीच घेतला होता. ती पुढे आली, तो काढून भोंग्याच्या पायाशी पेटीवर ठेवला, आणि मागे न बघता आत गेली.

संध्याकाळी भोंग्याने दारातूनच सुरुवात केली. "चारचौघांत माझी शोभा केलीस! कोणासाठी चाललंय हे सगळं?" वहिनी भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला सारली, वळली, आणि ओठ हलवले. आवाज नाही. शेडमधल्या नवरा-बायकोंची ही जुनी रीत. भांडण शेजारी जाऊ द्यायचं नसेल तर ते असंच करायचे. आता आली पंचाईत! ती काय म्हणते ते बघायचं तर तोंड मिटून तिच्यासमोर उजेडात उभं राहायला हवं. भोंगा खिडकीपाशी गेला.

"मास्क लावला की मी दिवसभर एकटी," ती म्हणाली, आणि थांबली.

भोंगा पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. मग लक्षात आलं, ही थांबलीय कशाला. नियम त्याचाच होता. त्याने ओठांनीच म्हटलं, "मास्क लावला की तू दिवसभर एकटी." तिने मान हलवली.

"घरी तुम्ही बोलता, मी ऐकते. माझं बोलणं तिथेच होतं. आता तेही बंद करू?"

आता हे भोंग्याने परत बोलायचं होतं. सव्वीस वर्षांच्या संसारात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. त्याने ते स्वतःच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "घरी मी बोलतो. तू ऐकतेस," तो म्हणाला, आणि पुढचं त्याच्याने म्हणवेना. तिने तरीही मान हलवली. आता त्याची पाळी होती. मनात होतं ते एका वाक्यात सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि सवयीने भोंगाच वाजला, "पण डॉक्टर म्हणालेत ना!" वहिनी वळून भाजी चिरायला लागली.

सकाळी तो थेट मालकांच्या काचेच्या खोलीत गेला. मालक खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना वाटलं, आता हा काच फोडणार. भोंगा आवाज जमेल तितका खाली आणून म्हणाला, "मालक, आधी तुमचं म्हणणं मी सांगतो. चुकलं तर अडवा. माणसं आजारी पडू नयेत म्हणून तुम्ही मास्क आणलेत. बरोबर?"

"अरे, दुसरं काय असणार!" मालक म्हणाले. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. कागद लागल्यापासून त्यांना कोणी धड विचारलंही नव्हतं.

"मग आता हा मास्क लावा, आणि माझ्याबरोबर आत चला." सातव्या मागापाशी भोंग्याने थांबवलं आणि इशाऱ्याने दाखवलं, या बाईच्या पाठीमागच्या मागाचा धागा तुटलाय, तिला सांगा. मालकांनी मास्कच्या आतून सांगितलं. मग ओरडून सांगितलं. बाईला वाटलं, मालक विचारपूस करतायत. तिने छान हसून मान डोलावली आणि आपलं काम करत राहिली. पाठीमागे वीतभर कापड वाया गेलं. मालकांनी मास्क खाली ओढला आणि कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर दोघे तासभर बसले. भोंगा म्हणायचा, मालक परत बोलायचे. मालक म्हणायचे, भोंगा परत बोलायचा. ठरलं ते असं: दर दोन तासांनी दहा मिनिटं सगळे माग बंद, आणि अंगणात मास्क काढून खुशाल बोलायचं. कामापुरत्या खुणा हातांनी करायच्या, त्या वहिनीने बसवून द्यायच्या. आणि हवेच्या नळीने मागांवरची धूळ उडवायची ती माणसं घरी गेल्यावर. मालक खूश झाले, आणि लगेच कागद काढून लिहायला बसले. भोंग्याने तो कागद हातातून काढून घेतला. "हे चिकटवायचं नाही, मालक. हे मी सांगतो."

"तू?" मालक म्हणाले. त्यांनी कालचं भाषण ऐकलं होतं. ते न ऐकणं शक्यच नव्हतं.

दुपारी सगळे माग बंद करून लोक अंगणात उभे राहिले, घुश्श्यातच. भोंगा पेटीवर चढला. वहिनी सर्वांत मागे, भिंतीला टेकून. भोंग्याने तोंड उघडलं आणि आवाज फुटेना! जो आला तो एवढासा.

"ऐकू येत नाही!" मागून कोणीतरी ओरडलं. भोंग्याला कोणी असं म्हणेल, हे त्या अंगणाने कधी कल्पिलं नसेल. पण पुढच्या रांगेला ऐकू आलं होतं. ती मागे वळली आणि सवयीने ओठांनीच मागच्यांना सांगू लागली, त्यांनी त्यांच्या मागच्यांना. भोंगा थांबला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेपर्यंत पुढचं बोलायचं नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

"मास्क छातीसाठी आणलेत. तोंडासाठी नाही." गेलं मागे. "दर दोन तासांनी दहा मिनिटं माग बंद. मालकांनी कबूल केलंय." गेलं. कुजबुज झाली, दोन-चार माना हलल्या, बऱ्याच हलल्या नाहीत. "काल मी ओरडलो. चुकलं माझं." हे मात्र हसत हसत, फार लवकर मागे पोचलं.

मग भोंगा म्हणाला, "माझी बायको खोकते. मला भीती वाटते."

पुढची रांग वळलीच नाही. असलं कसं कोणाच्या तोंडून पुढे द्यायचं? शेवटी मावशी वळली. कमरेवरचे हात खाली आले होते. तिने ते ओठांनी सांगितलं, हळू, नीट, एकेक शब्द. मग ते रांगेरांगेने मागे सरकलं. भोंगा पेटीवरून बघत होता, आणि तीसेक माणसांच्या ओठांवर एकच वाक्य होतं, त्याला भीती वाटते, त्याला भीती वाटते. वहिनीच्या पुढचा म्हातारा विणकर वळला, घुटमळला, आणि नियम म्हणजे नियम, त्याने तिला तिच्याच नवऱ्याचं वाक्य सांगितलं.

तिने म्हाताऱ्याकडे बघितलं नाही. एवढ्या डोक्यांवरून तिने सरळ भोंग्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. "तुम्हाला भीती वाटते."

भोंग्याने मान हलवली.

"मलाही," ती म्हणाली.