गंगूबाईची जट

परवा दुकानात खोबरेल तेलाचा डबा फुटला अन् सोनारीची गंगूबाई आठवली. आमच्या विवेकवादी मंडळानं भर सभेत तिची देवाच्या नावानं वाढलेली जट कापली, तेव्हा असाच वास आला होता. सौदा पटवावा तसं मीच तिला राजी केलं होतं. टाळ्या थांबल्यावर ती जट पदरात घेऊन म्हणाली, "दादा, सासू आता दारात उभं करणार न्हाय. संगं येताव का?"

"येतो की," मी म्हणालो.

अध्यक्ष हसले. "शेठ, एकेकीच्या घरी जात बसलो तर चळवळ कधी करायची? चला, पुढची सभा आहे."

पुढं मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो, मंडळ सोडलं. आजही त्यांचं नाव निघालं की डोकं फिरतं. पण त्या दिवशी गंगूबाई रस्त्यात वाट बघत होती आणि जीपमध्ये मीही चढलो होतो.